दंडातला उंदीर

बसने करकचून ब्रेक मारला तेव्हा माझ्या उजव्या दंडात काहीतरी टक्‌कन तुटलं. आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नसावा, कारण शेजारचा माणूस ड्रायव्हरला शिव्या देण्यात गुंतला होता आणि समोर बसलेल्या बाईंनी फक्त मांडीवरची पिशवी सावरली. मला मात्र तो स्वच्छ कळला. पुस्तक शिवताना दोरा जास्त ताणला गेला की असाच तुटतो, आणि तुटल्यावर क्षणभर हात उगाच हलके होतात. चाळीस वर्षं मी पुस्तकं बांधत आलोय, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. दुखलं नाही असं नाही, दंडावरून गरम पाणी ओघळावं तसं काहीतरी कोपराकडे गेलं, पण दोन थांबे मागे पडेपर्यंत तेही ओसरलं आणि मी डाव्या हाताने दांडी धरून उभा राहिलो. पहिला विचार आला तो एवढाच, की आज संध्याकाळी तिला खुर्चीतून पलंगावर कोण ठेवणार.

ती म्हणजे माझी बायको. सहा वर्षांपूर्वी तिच्या मणक्यात गाठ निघाली. गाठ काढली, जीव वाचला, कमरेखालचं सगळं गप्प झालं. तेव्हापासून दिवसातून पाच-सहा वेळा मी तिला उचलतो. सकाळी पलंगावरून चाकांच्या खुर्चीत, मग न्हाणीत, न्हाणीतून परत, दुपारी तासभर पाठ टेकायला पलंगावर, आणि असंच दिवे लागेपर्यंत. पद्धत ठरलेली आहे. तिचे दोन्ही हात माझ्या मानेभोवती, माझा उजवा तिच्या पाठीमागून, डावा गुडघ्यांखाली. ती ‘हं’ म्हणते, मग मी उचलतो. एक पाऊल, अर्धी गिरकी, खुर्ची. सगळा मामला पाच-सहा सेकंदांचा. आमची लेक दुसऱ्या शहरात असते, तिला हा सगळा प्रकार मान्य नाही. तिच्याकडे तळमजल्यावर दोन खोल्या आमच्यासाठी तयार आहेत, रुंद दारांच्या, मदतीला बाई आहे, सगळं आहे. खूप भांडून शेवटी तह झाला, तो असा की बाबांना आई उचलता येतेय तोवर तुम्ही तिथे. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं, वाद घालायचा नाही. आम्ही दोघांनी मान डोलावली होती. लेक वाईट नाही, उलट फार मायाळू आहे, पण तिच्या घरी माझ्या बायकोचे शब्दांच्या कार्डांचे खोके मावणार नाहीत, आणि खोक्यांशिवाय माझी बायको म्हणजे नुसतीच एक आजारी बाई होईल. हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही. त्या बसमध्ये लोंबकळताना मला ते घर दिसलं, स्वच्छ, हवेशीर, आणि खिडकीशी बसून कुणीतरी येण्याची वाट बघणारी ती.

घरी गेल्यावर शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या, मनगटाची बटणं लावली. ती टेबलाशी होती. चष्मा कपाळावर, पेन केसात, समोर कार्डं पसरलेली. एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पानावर ती दर आठवड्याला एका इंग्रजी शब्दाची कुळकथा सांगते. कुठून निघाला, ग्रीकांनी काय केलं, रोमनांनी काय केलं, आपल्या दारात कसा येऊन थडकला. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आता खुर्चीत बसून शिकवते. माझं शिक्षण बेताचं. मी जग वाचलं ते सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत, तेही मागचं पुढे. कुठल्याही विषयावर माझ्यापाशी सोळा पानांपुरती माहिती असते आणि ती बरोबर मधे संपते. ती म्हणते, तुमच्याशी बोलणं म्हणजे मधली पानं फाटलेलं पुस्तक वाचणं. लोकांसमोर ती मला अहो-जाहो करते, एरवीही बहुतेक वेळा तुम्हीच. फक्त उचलताना, तोंड कानाशी असताना, ‘तू’. ‘नीट धर’, ‘पाय अडकलाय बघ’, ‘आज दाढी नाही केलीस’. सेकंदभराचा तू, मग खुर्चीत टेकली की पुन्हा अहो. त्या संध्याकाळी मी बाजू बदलली. डावा हात पाठीमागून, उजवा गुडघ्यांखाली. उचललं, ठेवलं. घाम फुटला. आज उलटं का, तिने विचारलं. म्हटलं, त्या बाजूला टेबल आडवं येतं. टेबल सहा वर्षं तिथेच आहे. तिने पांघरूण ओढून घेतलं आणि ती वाचायला लागली.

दुसऱ्या दिवशी बांधणीच्या कारखान्यात जातो असं सांगून डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीण तरुण होती, लेकीपेक्षाही लहान. तिने बाही वर करायला लावली, कोपर वाकवायला लावलं, आणि तेव्हा मी पहिल्यांदा तो नीट पाहिला. दंडाचा जो फुगवटा मध्यावर असायचा, तो खाली सरकून कोपराच्या वर गोळा होऊन बसला होता. वरची जागा रिकामी, खोलगट. कुणीतरी माझ्या कातड्याखालून चालत गेलं होतं आणि दमून वाटेत बसलं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की या स्नायूचं नावच मुळी दोन डोक्यांचा असं आहे. त्यातल्या एका डोक्याची दोरी खांद्यापाशी तुटली आहे. दुसरं शाबूत आहे. तुमच्या वयात आम्ही सहसा कापाकापी करत नाही, दुखणं जाईल, कामं होतील, फक्त जड उचलायचं नाही. म्हटलं, जड म्हणजे किती. त्या म्हणाल्या, पाच किलोच्या वर नको. मी हसलो. त्यांना वाटलं, म्हातारा आनंदी स्वभावाचा आहे. मग त्यांनी विचारलं की रोज काय उचलता. पुस्तकं, मी म्हणालो. “पुस्तकांनी एवढं नाही झिजत,” त्या म्हणाल्या. “ही काही काल तुटलेली नाही. वर्षानुवर्षं झिजत आलीय. बस हे निमित्त झालं.” मी बाही खाली केली. ती मुलगी आपल्या कामात पक्की होती आणि मला त्या क्षणी तिचा रागच आला. परत येताना मी बसमध्ये बसून आलो, जागा नव्हती तरी एकाला उठवून.

बुधवारी सकाळी चहा पिताना तिने जाहीर केलं की या आठवड्याचा शब्द ‘मसल’. मी कप खाली ठेवला. तिने जाडा शब्दकोश पुढ्यात ओढला आणि थेट शेवटची पानं उघडली. ती भानगड आमच्या दोघांतच आहे, सांगायला हवी. हा कोश घेऊनच ती पहिल्यांदा माझ्याकडे आली होती, कणा मोडलेला, पाठ उसवलेली, आजोबांचा म्हणत होती. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर, आणि आली ती मुलगी अशी की मी समोरचा फर्म्यांचा गठ्ठा गरज नसताना उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला आणि पुन्हा पहिल्या टेबलावर आणला. कोश बांधून दिला आठवड्याने. सुरेख बांधला होता, कापडी पाठ, सोनेरी अक्षरं. तीन दिवसांनी ती तणतणत परत आली. एम अक्षराचा एक फर्मा, एमयूपासून पुढचा, मी झेडच्याही मागे शिवला होता. माझ्या सगळ्या धंद्यात अशी चूक एकदाच झाली आणि ती का झाली हे मला माहीत होतं, तिलाही नंतर कळलं. फुकट उसवून देतो म्हटलं, तर तिने कोश छातीशी धरला आणि म्हणाली, राहू दे, मला आता पान सापडतं. लग्न झालं, लेक झाली, केस पांढरे झाले, पण अजून तिला म्युझिक पाहायचं असलं तरी ती मागून उघडते. तर तिने मागून उघडलं, बोट फिरवलं आणि खुशीत वाचायला लागली.

लॅटिनमध्ये मूस म्हणजे उंदीर, आणि मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर, पिटुकला. फ्रेंचांच्या घरून फिरत फिरत तो इंग्रजीत आला आणि मसल झाला. कुणीतरी रोमन माणूस दंड वाकवून बसला असेल, ती सांगत होती, आणि बघणाऱ्याला वाटलं असेल की कातड्याखालून उंदीर पळाला. ग्रीकांनी तर वेगळा शब्दही केला नाही, त्यांचा मीस म्हणजे उंदीरही आणि स्नायूही. डॉक्टर लोक जिथे जिथे मायो-मायो लावतात तिथे तोच बसलेला असतो, हृदयाच्या स्नायूच्या नावातसुद्धा. आणि आपला मूषक, तोही याच घरातला. सगळी एका आजीची नातवंडं, कोण कुठे नांदायला गेलं एवढाच फरक. मग तिने आवाज खाली आणला. कस्तुरीला इंग्रजीत मस्क म्हणतात ना, तोही बहुधा याच बिळातून निघाला, पण संस्कृतात तो ज्या अवयवासाठी होता तो पुरुषांच्याच मालकीचा असल्यामुळे मुलांच्या पानावर घेता येत नाही. एवढं बोलून ती इतकी हसली की चहा सांडला. एरवी मीही हसलो असतो. मी टेबल पुसत होतो, डाव्या हाताने, आणि माझ्या उजव्या बाहीत तो रोमन उंदीर कोपराशी दबा धरून बसला होता. मला असं वाटलं की शब्द माझ्या मागे लागलाय. इतक्या हजारो शब्दांतून हिला नेमका हाच का मिळावा.

“आपल्याकडे बघा,” ती म्हणाली, “आपण बेटकुळी म्हणतो. बेडकुळी. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक.” मग पेन केसातून काढून माझ्याकडे रोखलं. काढा बघू बेडकुळी, मला प्रत्यक्ष बघून लिहायचंय, पळतो की उडी मारतो. मी म्हटलं, या वयात कसली बेडकुळी. ती म्हणाली, असेल तेवढी काढा. मी म्हटलं, मला उशीर होतोय. ती म्हणाली, शर्टाची बाही वर करायला किती उशीर लागतो. आणि मग मी ओरडलो. शब्दांसाठी माणसांना प्रदर्शनाला बसवू नकोस, असं काहीतरी बोललो, माझं मलाच ते कुठून आलं कळलं नाही. तिने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, ती शाळेत वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहायची असेल तसं, न रागावता. बरं, म्हणाली. मी पिशवी उचलून निघालो, जिना उतरताना स्वतःला शंभर नावं ठेवली. लेक लहान असताना रविवारी सकाळी बेडकुळी काढून दाखवावी लागायची, ती दोन्ही हातांनी दाबायची, दबत नाही म्हणून चिडायची, आणि ही स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभी असायची, हातात पळी. त्या दोघींसाठी मी दंड फुगवून दम कोंडून उभा. तेव्हा मला कुठे माहीत होतं की हे उसनं आहे. उसनं म्हणजे, असं नव्हे की कुणी मागायला येईल. पण आपण आपल्या अंगाला आपलं म्हणतो आणि ते बापडं गुपचूप झिजत असतं, हे कळायला बस लागते.

कारखान्यात मी दिवसभर हलकी कामं केली, घड्या घातल्या, खळ लावली. घड्या घालताना विचार करायला हात मोकळे असतात. मी हिशेब करत होतो की डाव्या हाताला सवय करायची, आठ दिवसांत होईल. सकाळी लवकर उठून व्यायाम करायचा. लेकीचा फोन आला तर आवाज कसा ठेवायचा. मग वाटलं, सांगून टाकावं. सांगितलं की संपलं, सामान बांधायचं. कुठल्या खोक्यात कुठलं अक्षर आहे ते मलाच माहीत आहे, बांधणारा मीच, त्या खोक्यांना दोऱ्या आवळताना मला दिसत होतो मी. आणि आणखी एक गोष्ट होती, ती मी घड्या घालता घालता कितीतरी वेळाने स्वतःशी कबूल केली. लेकीकडे तिला मदतनीस बाई उचलेल. चांगली, शिकलेली, मजबूत बाई. मग माझ्या हातात काय उरेल? त्या आजारपणानंतर आम्ही नवरा-बायको म्हणून जवळ आलो ते एवढ्यापुरतेच. वेगळं असं मी तिला कधी जवळ घेतलं नाही. तिचं अंग इतकं सोसून आलेलं, त्याच्याकडे आणखी काही मागायचं म्हणजे लाज वाटायची. आणि तिला ते कीव केल्यासारखं वाटलं तर? उचलणं बरं, त्याला कारण लागत नाही. तिच्या केसांना तेलाचा आणि शाईचा वास येतो. अर्धी गिरकी मी जरा सावकाश घेतो, सुरुवातीपासून घेतो. सहा सेकंदांच्या कामाला आठ लावतो. ही माझी चोरी आहे आणि ती कुणालाही ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो.

गुरुवारी सकाळी तो प्रसंग घडला. तिने ‘हं’ म्हटलं, मी उचललं, पलंगापासून हातभर वर आली आणि माझा उजवा हात एकदम रिकामा झाला. दुखलं नाही, नुसता नाहीसा झाला. तिचे पाय सुटले, ती कलंडली, मी गुडघा मधे घातला आणि कशीबशी पलंगाच्या कडेवर टेकवली. तिची मांडी पलंगाच्या लाकडावर घासली होती. तिला ते कळलं नसणार, मला दिसलं, लाल ओरखडा. दोघंही हसलो, घाईघाईने, जसं लोक घसरून पडल्यावर हसतात. चादर निसरडी झालीय, मी म्हणालो. हो ना, ती म्हणाली, बदलायलाच हवी. दुसऱ्या वेळी जमलं. खुर्चीत बसल्यावर तिने माझी कॉलर सरळ केली, जी सरळच होती. मी मलम आणलं, ओरखड्यावर लावलं. माझी बोटं तिच्या मांडीवर फिरत होती आणि ती खिडकीबाहेर बघत होती, कारण तिथे काय चाललंय ते तिला डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही आणि तिला बघायचं नव्हतं. कारखान्यात गेलो नाही. बरं नाही असा निरोप दिला. सकाळभर ती लिहीत होती आणि मी उगाच कपाट आवरत होतो, लेकीला फोन लावायचा म्हणून दोनदा उठलो आणि दोनदा पाणी पिऊन बसलो. तिला पाडलं असतं मी. तिला पाडून, ती फरशीवर पडलेली असताना, चादर निसरडी होती असं सांगितलं असतं. स्वतःबद्दल हे कळणं फार वाईट.

दुपारचं जेवण झालं. पाठ टेकायला तिची पलंगावर जायची वेळ झाली, तेव्हा मी खुर्चीपाशी गेलो आणि वाकलो. तिने हात मानेभोवती टाकले नाहीत. थांबा, म्हणाली, आधी लेख ऐका. आणि वाचायला लागली. उंदीर होता, मीस होता, मूषक होता, बेडकुळी होती, मुलांना हसू येईल अशी दोन-तीन वाक्यं होती, कस्तुरी नव्हती. शेवट राहिलाय, ती म्हणाली, उंदीर पळून गेला तर दंडात काय उरतं, ते मला माहीत नाही. मग कागद मांडीवर ठेवून माझ्या मनगटाचं बटण काढायला लागली. मी हात मागे घेतला नाही. तिने बाही हळूहळू वर गुंडाळली, कोपरापर्यंत, कोपराच्या वर. निळसर-पिवळा डाग दंडभर उतरला होता आणि त्याखाली तो गोळा. तिने त्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

“सोमवारीच कळलं मला,” ती म्हणाली. “तू बाजू बदललीस. शब्द मी मुद्दाम घेतला. म्हटलं, तोंडाने सांगणार नाही, दंड तरी दाखवशील.”

मी खुर्चीत असलेल्या तिच्याकडून ‘तू’ ऐकत होतो. मग मी सगळं सांगितलं, बस, डॉक्टरीण, पाच किलो. झिजण्याचं तेवढं गाळलं. लेकीला फोन मीच करतो म्हणालो, रविवारपर्यंत खोके बांधून होतील. बोलता बोलता मी बाही खाली ओढली. ती म्हणाली, बाजूला हो. मला वाटलं तिला रडायचंय. मी भिंतीशी सरकलो. तिने खुर्ची पलंगाला चिकटवून लावली, चाकं अडकवली, त्या बाजूचा खुर्चीचा हात काढून टाकला, आणि वाकून गादीखालून एक फळी ओढली. फळी माझीच होती. ताज्या बांधलेल्या पुस्तकांवर दाब द्यायला आम्ही वापरतो तसली, गुळगुळीत, कडा गोल केलेल्या. कधीतरी घरी आणली आणि विसरलो होतो. एक टोक तिने मांडीखाली सारलं, दुसरं पलंगावर टेकलं. दोन्ही मुठी आवळून दाबल्या, अंग वर आलं, बोटभर सरकलं. पुन्हा मुठी, पुन्हा बोटभर. मानेच्या शिरा उभ्या राहिल्या, दात ओठांवर. मी दोन्ही हात पुढे करून उभा आणि माझ्या हातांना काही काम नव्हतं. ती पलंगावर पोचली. मग हाताने उचलून एक पाय वर घेतला, मग दुसरा, झोळणी उचलावी तसे. धापा टाकत म्हणाली, “आता उलटं बघ.” आणि तसंच, बोट बोट करत, परत खुर्चीत आली. पाय एकेक करून पायफळीवर ठेवले आणि केस मागे सारले.

“कधीपासून?” मी विचारलं.

दोन वर्षं व्हायला आली, ती म्हणाली. गुरुवारी व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या तेव्हा, मी कारखान्यात असताना. शिकायला त्याआधी आठ महिने लागले. एकदा पडली होती, दंडावर काळंनिळं झालं, तेव्हा दाराला आपटले असं मला सांगितलं होतं. मला ते काळंनिळं आठवलं, मी त्याला बर्फ लावला होता आणि दारावर चिडलो होतो. आता मी तिच्यावर चिडलो. दोन वर्षं, रोज पाच-सहा वेळा, मी आकडा गुणायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला. जिला स्वतःला हलता येत होतं तिला मी पाठ मोडेस्तोवर उचलत होतो, आणि ती मानेभोवती हात टाकून ‘हं’ म्हणत होती. हे काय केलंस तू, मी म्हणालो. का?

“गाठ काढून आणल्यापासून तू मला नुसतं जवळ कधी घेतलंस, आठव,” ती म्हणाली. “उचलतोस तेवढंच. मला येतं असं सांगितलं असतं तर तेही गेलं असतं.”

मी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर प्रामाणिकपणे केला, सहा वर्षं मागून पुढे चाळली. ती बघत होती. मग तिने विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या, बसने तुटली की आधीपासून झिजली होती. खरं सांग. मी सांगितलं. तिने तोंड फिरवलं आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. मी खाल्ला तुझा दंड, ती म्हणत होती, मला वाटायचं तुझ्यात भरपूर आहे, तुला कधी काही होत नाही, मला वाटायचं आणखी थोडे दिवस, आणखी थोडे दिवस, मग सांगीन. मी म्हटलं, मीपण गिरकी सावकाश घ्यायचो. ती म्हणाली, काय? म्हटलं, अर्धी गिरकी. सहा सेकंदांची असते, मी आठ लावायचो. तिने तळवे काढले, नाक लाल झालं होतं. “मला वाटायचं तुझे गुडघे दुखतात,” ती म्हणाली.

लेकीला काय सांगायचं ते तिने ठरवून टाकलं. तहात ‘उचलता येतंय तोवर’ असं आहे, कुणी उचलायचं ते लिहिलेलं नाही; मी स्वतःला उचलते, फोन मी करीन, भांडण मी करीन, तुम्ही मधे सोळा पानांचं ज्ञान पाजळू नका. मी बरं म्हटलं. घर राहिलं होतं, खोके राहिले होते, आणि मी भिंतीशी उभा राहून माझ्या दोन हातांकडे बघत होतो, एक धडका आणि एक मोडका, उद्या सकाळपासून दोन्ही बिनकामाचे. आनंद झाला होता, नाही कशाला म्हणू. पण उद्या सकाळी ती ‘हं’ म्हणणार नाही हेही तेवढंच खरं होतं.

“इकडे ये,” ती म्हणाली. मी गेलो. तिने हात वर केले, नेहमीसारखे, आणि मी सवयीने पाय रोवले, पाठ ताठ केली, श्वास घेतला.

“उचलू नकोस. नुसतं धर.”

मी वाकलो. डावा हात तिच्या पाठीमागून नेला, उजवा जिथवर जात होता तिथवर. तिने कपाळ माझ्या मानेत घातलं. आजवर खुर्ची आली की आम्ही एकमेकांना सोडायचो. आता ती खुर्चीतच होती, त्यामुळे सोडायचं कधी ते दोघांनाही कळेना.